छापखान्यात जाणाऱ्या फाइलचा धनी कोण?

काही वर्षांपूर्वी एका संशोधनपर लेखसंग्रहाच्या संपादनाचे काम माझ्याकडे होते. मजकूर तीन वेळा वाचून झाला होता, शेवटचे प्रूफ सही करून परत पाठवले होते आणि पुस्तक २१२ पानांचे होणार हे ठरले होते. छापून आलेली पहिली प्रत हाती घेतली तेव्हा शेवटच्या पानावर २१९ हा आकडा होता. अनुक्रमणिकेतले पानक्रमांक चौथ्या लेखापासून पुढे चुकले होते, दोन महिने खपून हाताने तयार केलेली शब्दसूची निरुपयोगी झाली होती आणि दोन मोठे तक्ते मधोमध तुटून वेगवेगळ्या पानांवर गेले होते. चौकशी केल्यावर कारण कळले ते अगदी साधे होते. छापखान्याकडे वर्डची फाइल गेली होती, तिथल्या संगणकावर आम्ही वापरलेला फॉन्ट नव्हता, म्हणून संगणकाने आपण होऊन दुसरा फॉन्ट लावला. त्या फॉन्टची अक्षरे किंचित रुंद होती. ओळी वाढल्या, ओळींनी पाने वाढवली.

या प्रकरणात कोणी एकाने हलगर्जीपणा केला असे मला तेव्हाही म्हणता आले नाही आणि आजही म्हणता येत नाही. फाइल नीट आहे की नाही हे प्रकाशक पाहतील असे मी गृहीत धरले होते, छापखान्यात ती तपासली जाईल असे प्रकाशकांनी गृहीत धरले होते, आणि आलेली फाइल अंतिम आहे असे समजून छापखान्याने ती छापली होती. मजकुराला लेखक होते, संपादनाला संपादक होता, छपाईला मुद्रक होता. मधल्या फाइलला मात्र कोणीच वाली नव्हता. छपाईसाठी फाइल तयार करणे हे पुस्तकनिर्मितीतले एक स्वतंत्र आणि कौशल्याचे काम आहे, ते कोणी करायचे हे आधी लेखी ठरले पाहिजे, त्याला वेळ आणि मोबदला मिळाला पाहिजे, आणि सार्वजनिक पैशातून निघणाऱ्या प्रकाशनांच्या बाबतीत तर ते बंधनकारक असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या लेखात त्याचीच कारणे मांडायची आहेत.

हे काम बेवारस कसे झाले हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात हस्तलिखित आणि छापील पान यांच्यामध्ये अनेक हात होते. जुळारी अक्षरे जुळवी, मुद्रितशोधक गॅलीप्रूफ वाची, चित्रांचे ब्लॉक वेगळा कारागीर करी, पानांची बांधणी करणारा ओळींमधले अंतर डोळ्यांनी मापून ठरवी. पुढे धातूच्या प्लेटवरून छापण्याची ऑफसेट पद्धत आली तेव्हा पेस्टिंग करणारे, निगेटिव्ह काढणारे कॅमेरामन आणि प्लेटमेकर आले. यातला प्रत्येक जण आपापले काम करता करता आधीच्या माणसाचे कामही नकळत तपासत असे. निगेटिव्ह काढणाऱ्याला चित्र फिकट दिसले तर तो विचारायला येई; पेस्टिंग करणाऱ्याला एखादी ओळ समासाबाहेर गेलेली दिसली तर तो ती तिथेच थांबवी.

१९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी संगणकभाषा आली, १९८५ साली पेजमेकर हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर आले, आणि टेबलावर बसून एकट्याने पान सजवता येते हे जगाला कळले. १९९०च्या दशकात संगणकावरून थेट प्लेट काढण्याचे तंत्र आले आणि निगेटिव्हचा टप्पाही गेला. या बदलाने फार मोठे भले केले. ज्यांच्या लेखनाला एरवी छापखान्याचा उंबरठा ओलांडता आला नसता त्यांची पुस्तके निघाली. परंतु मधले पाच-सहा हात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर पाच-सहा नजराही गेल्या, आणि त्या सगळ्यांचे ज्ञान शेवटी फाइल तयार करणाऱ्या एका माणसाला असावे अशी अपेक्षा न बोलता निर्माण झाली. हा माणूस कधी डीटीपी करणारा असतो, कधी लेखक स्वतः, कधी संस्थेच्या कार्यालयातला लिपिक. त्याला हे ज्ञान कोणी दिलेले नसते, आणि आपल्याकडून त्याची अपेक्षा आहे हेसुद्धा कोणी सांगितलेले नसते.

यावर मला नेहमी मिळणारे उत्तर असे, की आता पीडीएफ आहे, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. पीडीएफ १९९३ साली आले, २००८ साली ते आयएसओ ३२००० या क्रमांकाने खुले आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि ते कुठल्याही संगणकावर सारखेच दिसते ही त्याची ख्याती बऱ्याच अंशी खरीही आहे. माझ्या लेखसंग्रहाची पीडीएफ करून पाठवली असती तर ती सात पाने वाढली नसती. परंतु पीडीएफ ही एक पेटी आहे. तिच्यात छपाईला योग्य अशा गोष्टी ठेवता येतात, तशाच पूर्णपणे अयोग्य गोष्टीही ठेवता येतात, आणि पेटी दोन्ही वेळा सारख्याच खुबीने बंद होते. पडद्यासाठीचे रंग, बारीक आकाराची चित्रे, फाइलमध्ये न भरलेले फॉन्ट, कापणीसाठी कडेला न सोडलेला वाढीव भाग हे सगळे सामान्य पीडीएफला चालते.

छपाईच्या व्यवसायाने हे फार लवकर ओळखले. २००१ साली आयएसओ १५९३० या मानकातून पीडीएफ-एक्स हा छपाईसाठीचा शिस्तबद्ध प्रकार आला. त्यातल्या एक्स-१ए या प्रकारात प्रत्येक फॉन्ट फाइलच्या आत भरलेला असावा लागतो, रंग छपाईच्या चार शाईंचे किंवा वेगळ्या नेमलेल्या शाईचे असावे लागतात, पारदर्शक थर चालत नाहीत, कागद कुठे कापायचा ती चौकट नोंदवावी लागते आणि कोणत्या प्रकारच्या छपाईसाठी फाइल केली आहे तेही तिच्यात लिहावे लागते. पुढे २००८ साली आलेल्या एक्स-४ने पारदर्शकता आणि रंगव्यवस्थापन यांना जागा दिली. म्हणजे ज्याला आपण ‘छापायला तयार फाइल’ म्हणतो तिची व्याख्या गेली वीस-पंचवीस वर्षे उपलब्ध आहे, आणि तरीही छपाईच्या करारात ‘पीडीएफ द्यावी’ एवढेच मोघम वाक्य असते. या मोघमपणाचे ओझे शेवटी पुस्तकावर पडते. अर्थात हे मानकही सगळे पाहत नाही. चित्राचा दर्जा पुरेसा आहे का, कडेला पुरेसा वाढीव भाग सोडला आहे का, हे त्यात तपासले जात नाही. तिथे जाणत्या माणसाची नजरच लागते.

ती नजर नेमके काय पाहते याचे एक उदाहरण जवळून दाखवतो. कोणत्याही रंगीत छपाईच्या पुस्तकातले काळ्या मजकुराचे पान घ्या आणि साध्या भिंगातून पाहा. चांगल्या पुस्तकात अक्षराची कड स्वच्छ दिसेल. पुष्कळ पुस्तकांत मात्र शिरोरेषेच्या वर पुसटशी गुलाबी रेघ आणि खाली निळसर छाया दिसेल, आणि भिंग नसताना तेच पान वाचायला विनाकारण जड वाटेल. याचे कारण असे, की पडद्यावरचा काळा म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही प्रकाश बंद असणे. कागदावर काळा उमटवायचा तर शाई लागते. पडद्याच्या काळ्याचे रूपांतर नीट लक्ष न देता छपाईच्या रंगांत केले, तर सॉफ्टवेअर तो काळा चारही शाया मिसळून तयार करते. चित्रे दुरुस्त करण्याच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या मांडणीत हे प्रमाण निळसर ७५, किरमिजी ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असे येते. म्हणजे एकाच जागी एकूण ३०० टक्के शाई. या चार शाया चार वेगळ्या प्लेटांवरून एकावर एक पडतात, आणि धावत्या यंत्रावर कागद केसभर सरकला तरी त्या तंतोतंत एकावर एक बसत नाहीत. मोठ्या चित्रात ते खपून जाते. दहा पॉइंटचे अक्षर जेमतेम साडेतीन मिलिमीटरच्या मापात मावते, आणि देवनागरीच्या वेलांट्या, रफार, अनुस्वार त्याहून कितीतरी बारीक. तिथे ते खपत नाही. उपाय सोपा आहे: मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के ठेवायचा आणि तो खालच्या रंगावर थेट छापला जाईल अशी नोंद करायची. पण हा उपाय फाइल तयार करतानाच करायचा असतो. एकदा प्लेट निघाली की मुद्रक कितीही निष्णात असला तरी त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

याच थेट छापण्याच्या नोंदीचा एक उलट प्रकार आणखी घातक असतो. काळ्याऐवजी पांढऱ्या अक्षरांवर चुकून ती नोंद राहिली, तर पडद्यावर ती अक्षरे छान दिसतात आणि छापील मुखपृष्ठावर ती नसतातच. पांढरी शाई नसतेच. पांढरे म्हणजे तिथला रंग सोडून देणे, आणि ‘वर छापा’ असे सांगितले की यंत्र खालचा रंग सोडत नाही. पुस्तकाचे नाव नसलेले मुखपृष्ठ पाहण्याची वेळ अशी येते.

चित्रांचे गणित त्या मानाने सोपे आहे, पण लोक ‘३०० डीपीआय’, म्हणजे एका इंचात ३०० बिंदू, हा आकडा मंत्रासारखा म्हणतात आणि त्यामागचे कारण सांगत नाहीत. छापील छायाचित्र बारीक ठिपक्यांच्या ओळींनी बनते. पुस्तकांच्या छपाईत एका इंचात साधारण १५० ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीसाठी चित्रात दुप्पट माहिती असली तर ठिपका नीट घडतो, म्हणून ३००. वृत्तपत्राच्या कागदावर ओळी १००च्या आसपास असतात, तिथे २०० पुरते. रेखाचित्राला मात्र ठिपक्यांचा आधार नसल्याने १२०० लागतात. आता वेबपानावरून उतरवलेले ८०० पिक्सेल रुंदीचे चित्र घ्या: पडद्यावर ते ऐसपैस दिसते, आणि कागदावर त्याची प्रामाणिक रुंदी जेमतेम ६८ मिलिमीटर भरते. ते पानभर ताणले की चेहरे विरघळतात. चित्राची माहिती वाढवून मिळत नाही, त्यामुळे मूळ छायाचित्र मिळवणे हे लेखकाचे काम आहे, आणि ते त्याला हस्तलिखित देतानाच सांगितले पाहिजे. पान लागल्यावर सांगून उपयोग नसतो.

आता मराठी वाचकाला सर्वांत जवळचा विषय, म्हणजे आपली लिपी. माझ्या मते फाइलच्या बेवारशीपणाची सर्वांत जबर किंमत देवनागरीतल्या पुस्तकांनी मोजली आहे. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक संगणकी क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे आपला मजकूर अशा फॉन्टांत टाइप होत राहिला, की ज्यांत संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात आणि फक्त त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवलेले असते. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो निरर्थक चिन्हांचा ढीग. अशा फाइली छापायला चालल्या, म्हणून कोणी तक्रार केली नाही. पंधरा वर्षांनी त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हटली की ते सॉफ्टवेअर नसते, तो फॉन्ट नव्या संगणकावर चालत नाही, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा तर नेमकी जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ची रूपे बिघडतात. मग सगळे पुस्तक नव्याने टाइप करावे लागते आणि नव्याने टाइप केले की नव्या चुका येतात. छापील प्रत ग्रंथालयात असूनही पुस्तकाचा मजकूर हरवलेला असतो.

‘ऱ्य’चा उल्लेख केला तो सहज नव्हे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आचाऱ्यांना’ बोलावले आणि ‘आचार्यांना’ बोलावले यांत येणारी माणसेच बदलतात. मराठीला लागणारा हा अर्धा र पुष्कळ फॉन्टांत धड नसतो, किंवा असूनही फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना त्याचा रफार होतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे तर अशी आहेत की फॉन्टात ती असली तरी मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय कित्येकदा उमटतच नाहीत. शिवाय पान सजवण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जुळवणारी यंत्रणा परिच्छेदासाठी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही, तर ‘किती’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. हे आपण दुकानांच्या पाट्यांवर, शासकीय फलकांवर आणि चक्क पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही पाहतो. त्या प्रत्येक ठिकाणी मजकूर लिहिणाऱ्याला शुद्ध मराठी येत होते. फाइल तयार करणाऱ्याला एक पर्याय माहीत नव्हता एवढेच.

इथे पीडीएफची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याकडे जवळजवळ कोणी लक्षात घेत नाही. ‘धर्म’ हा शब्द टाइप करताना आपण ध, मग र, मग हलन्त, मग म असा क्रम देतो. छापताना मात्र रफार म-वर बसतो, म्हणजे आकृत्यांचा क्रम ध, म, रफार असा होतो. पीडीएफ मुख्यतः आकृत्यांचा हा क्रम साठवते. त्यामुळे देवनागरी पीडीएफमधून मजकूर उतरवून घ्यायला गेले की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात, काही जोडाक्षरे गळूनच पडतात, आणि पानावर स्वच्छ दिसणारा शब्द शोधला तर सापडत नाही. ‘आमच्याकडे पीडीएफ जपून ठेवली आहे’ असे ज्या संस्था समाधानाने सांगतात त्यांनी आपल्याच एखाद्या फाइलमधला परिच्छेद उतरवून पाहावा. छपाईची पीडीएफ आणि युनिकोडमधला अंतिम मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दोन्ही जपल्या तरच पुस्तक जपले असे होते. शेवटच्या प्रुफावरच्या दुरुस्त्या फक्त पीडीएफमध्ये केल्या आणि मूळ मजकुरात केल्या नाहीत, तर पुढच्या आवृत्तीत त्या सगळ्या चुका परत येतात. हे मी दोनदा अनुभवले आहे.

लेखकांनीही यातला आपला वाटा उचलायला हवा. नवे पान हवे म्हणून एंटर दाबत राहणे, परिच्छेदाच्या सुरुवातीला सहा वेळा स्पेस देणे, अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप करणे या सवयी निरुपद्रवी वाटतात. पण ‘स्थळ’ या शब्दापुढे विसर्ग दिला की संगणकाच्या दृष्टीने तो शब्दाचाच भाग होतो, आणि चारशे पानांत असे शेकडो विसर्ग हुडकून काढणे हे कोणाच्या तरी डोळ्यांचे काम होते. मथळा जाड अक्षरांत करण्याऐवजी ‘मथळा’ अशी शैली लावली तर अनुक्रमणिका आपोआप आणि बिनचूक तयार होते. याला तंत्रज्ञ असावे लागत नाही. आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे १९७७ साली पाहून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना अक्षरजुळणीचा दर्जा इतका खटकला, की त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची संगणकप्रणालीच तयार करायला घेतली. प्रत्येक लेखकाने इतके करावे असे कोणी म्हणणार नाही, पण आपल्या शब्दांचे कागदावर काय होते याची आच लेखकाला असावी, ही अपेक्षा रास्त आहे.

कापणी आणि बांधणी यांविषयी थोडक्यात सांगतो. कडेपर्यंत जाणारा रंग किंवा चित्र कापणीच्या रेषेपलीकडे ३ मिलिमीटर वाढवावे लागते, कारण कटिंगचे पाते दर वेळी त्याच केसावर पडत नाही. आणि महत्त्वाचा मजकूर त्या रेषेच्या आत पुरेसा सरकवावा लागतो. पाने एकेक द्यायची, जोडीने नाही, कारण सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पाने, कसा लावायचा हे छापखाना आपल्या यंत्राप्रमाणे ठरवतो. मुखपृष्ठाच्या कण्याची रुंदी तर कागद ठरल्याशिवाय काढताच येत नाही: २४० पाने म्हणजे १२० पत्रे, कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असेल तर कणा १२ मिलिमीटर, आणि ऐनवेळी ०.१३चा कागद आला तर १५.६. साडेतीन मिलिमीटरांच्या या फरकाने कण्यावरचे नाव सरकून मागच्या बाजूला वळते. यातून निघणारी गोष्ट तांत्रिक कमी आणि व्यवहाराची जास्त आहे. मुद्रकाशी बोलणे फाइल करण्याआधी व्हायला हवे, आणि आपल्याकडे ते फाइल पाठवल्यानंतर होते.

आता या मताला घेतल्या जाणाऱ्या हरकतींकडे वळतो. पहिली हरकत अशी, की हे सगळे छापखान्याने करावे, तो त्याचाच व्यवसाय आहे. चांगले छापखाने फाइल तपासतातही. विमान उडण्याआधी वैमानिक करतात त्या तपासणीवरून या कामाला प्रीफ्लाइट असे नावच पडले आहे. परंतु तपासणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. छापखान्याने फाइलमध्ये हात घातला की शेवटच्या प्रुफावर सही झाल्यानंतर मजकूर बदलण्याची वाट उघडते, आणि तो बदल ना लेखकाने पाहिलेला असतो ना संपादकाने. फॉन्ट बदलताना एखादा अनुस्वार गेला तर जबाबदार कोण? मुद्रकाला मराठी वाचता येत असेलच असेही नाही. दोष दाखवून फाइल परत पाठवणे हा छापखान्याचा अधिकार आणि कर्तव्य आहे. ती दुरुस्त करणे हे जिच्याकडे मजकुराची मालकी आणि जबाबदारी आहे त्या बाजूचे काम आहे.

दुसरी हरकत मला अधिक गंभीर वाटते. लहान प्रकाशक, अनियतकालिके चालवणारे, स्वतःच्या खर्चाने कवितासंग्रह काढणारे कवी यांना हा सगळा भार झेपणार कसा? मानकांचा आग्रह म्हणजे मोठ्यांना राखीव कुरण होणार नाही का? ही भीती साधनांच्या बाबतीत आता उरलेली नाही. स्क्रायबस हे पाने लावण्याचे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर पीडीएफ-एक्स काढून देते, आणि २०२४ साली आलेल्या त्याच्या १.६ या आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणीही होते. टेकच्या कुळातल्या झीटेकमध्ये देवनागरी उत्तम जुळते, तेही फुकट. युनिकोडमधले दर्जेदार देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतात. उणीव आहे ती शिकवणाऱ्यांची. साहित्यसंस्था लेखनाच्या कार्यशाळा घेतात, संपादनाच्या कधीमधी घेतात. फाइल कशी करावी याची एक दिवसाची कार्यशाळा घेतलेली मी क्वचितच पाहिली आहे. लहान प्रकाशकाला खरा फटका बसतो तो न शिकल्याने, कारण बिघडलेली पाचशे प्रतींची आवृत्ती मोठा प्रकाशक पचवतो आणि लहान प्रकाशक तिथेच थांबतो.

सॉफ्टवेअर दिवसेंदिवस हुशार होत आहे, तेव्हा हे सगळे आपोआप होईल, असेही म्हटले जाते. काही भाग होईलही. पण २१२ची २१९ पाने झाली ती आपोआपच झाली होती. संगणकाने फॉन्ट बदलला तेव्हा त्याने मदतच केली होती, आणि ती मदत पाहायला कोणी माणूस नेमलेला नव्हता.

म्हणून विद्यापीठे, अनुदान घेणाऱ्या संस्था, शासनाचे विभाग आणि पाठ्यपुस्तके काढणाऱ्या यंत्रणा यांनी सुरुवात करावी असे मला वाटते, कारण त्यांचे नियम इतरांना वळण लावतात आणि त्यांची पुस्तके ही सर्वांच्या मालकीची असतात. प्रत्येक पुस्तकाच्या छपाईच्या करारात पीडीएफ-एक्सचा नेमका प्रकार नोंदवावा, कागद आणि छपाईच्या पद्धतीप्रमाणे रंगांची रूपरेषा (कलर प्रोफाइल) छापखान्याकडून आधी मागून घ्यावी, आणि अंतिम पीडीएफवरून काढलेल्या छापील प्रुफावर सही झाल्याशिवाय फाइल प्लेटला जाऊ नये. काम पूर्ण झाल्यावर संस्थेच्या हाती चार गोष्टी आल्या नाहीत तर शेवटचे देयक देऊ नये: छापलेलीच पीडीएफ, पाने लावलेली मूळ फाइल तिच्या चित्रांसह, वापरलेल्या फॉन्टांची नावे आणि परवाने, आणि शेवटच्या दुरुस्त्यांसह युनिकोडमधला सलग मजकूर. दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफ-ए हा वेगळा प्रकार २००५पासून मानक म्हणून आहे. संग्रहासाठी तीही प्रत करून घ्यावी.

आणि पुस्तकाच्या ज्या पानावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार यांची नावे असतात तिथे अक्षरजुळणी करणाऱ्याच्या नावासोबत छपाईची फाइल तयार करणाऱ्याचे नावही छापावे. माझ्या त्या लेखसंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा आम्ही तसे केले. ज्या तरुणीने ती फाइल केली तिने प्लेटला जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारले होते, की १४३व्या पानावर ‘आचार्यांनी’ आहे ते मूळ मजकुरात ‘आचाऱ्यांनी’ आहे का. लेख यात्रेतल्या अन्नछत्राविषयी होता.